जुना गार्डन ट्रॅक्टर की नवा? भरवसा जोखायची रीत

तुलना बिघडते ती पहिल्याच पायरीवर. एका बाजूला १९६० किंवा ७० च्या दशकातला गार्डन ट्रॅक्टर उभा करायचा, दुसऱ्या बाजूला आजचा लॉन ट्रॅक्टर, आणि मग नव्याचा पत्रा बोटाने वाजवून नाक मुरडायचं. या दोघांची जातकुळीच वेगळी आहे. गार्डन ट्रॅक्टर जमिनीत अवजार घालून ओढायला बांधलेला असतो. लॉन ट्रॅक्टर गवत कापतो आणि फार तर हलकी ट्रॉली ओढतो. बॉनेट आणि सीट सारखी दिसते म्हणून घोटाळा होतो.

ओळख मागच्या चाकाशी पटते. टायरवर २०×८-८ किंवा २०×१०-८ असं लिहिलं असेल तर तो लॉन ट्रॅक्टर, २३×१०.५०-१२ असेल तर बहुधा गार्डन ट्रॅक्टर. पहिला आकडा टायरची उंची, शेवटचा रिमचा व्यास, दोन्ही इंचात. मग चाक कसं बसवलंय ते बघा. पाऊण इंची (१९ मि.मी.) एक्सलवर चावी घालून बाहेरून नुसती क्लिप लावलेली असेल तर ते ओढकाम करणारं मशीन नव्हे. एक इंच किंवा त्याहून जाड एक्सल, त्यावर हब आणि हबला पाच बोल्ट, हे गार्डन ट्रॅक्टरचं लक्षण. पुढचा एक्सल ओतीव लोखंडाचा आहे की दाबून वाकवलेल्या पत्र्याचा, हे खाली वाकून एका नजरेत कळतं. आधी जात जुळवा, मगच वयाची तुलना करा.

दुसरी चूक उरलेल्यांकडे बघून सगळ्यांचा अंदाज बांधण्याची. जॉन डिअर ११० हे मॉडेल १९६३ साली आलं. त्यातले जे आज चालतात ते सांभाळले गेलेले आहेत. ज्यांच्या इंजिनात तेल कमी पडलं ते कधीच भंगारात गेले, ते तुमच्यापुढे येणारच नाहीत. म्हणून “जुने टिकतात” म्हणण्यापेक्षा “हा समोरचा किती टिकेल” हा प्रश्न कामाचा, आणि त्याचं उत्तर पाना, फिलर गेज आणि मल्टिमीटर घेऊन काढता येतं.

जुन्याची तपासणी

त्या काळातल्या अमेरिकन गार्डन ट्रॅक्टरांत कोहलरच्या के मालिकेची एका सिलेंडरची इंजिनं फार सापडतात: के-१८१ आठ हॉर्सपॉवर, के-२४१ दहा, के-३०१ बारा, के-३२१ चौदा, के-३४१ सोळा. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, वेगळी स्लीव्ह नाही. सिलेंडर घासला तर लेथवाल्याकडून रिबोअर करून (आतून थोडा मोठा कोरून) १०, २० किंवा ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा पिस्टन घालता येतो, म्हणजे एकाच ब्लॉकला तीनदा नवं आयुष्य मिळू शकतं. जुन्याच्या कौतुकातला हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

पण कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि क्रँकपिनवर थेट फिरतो, मध्ये शेल बेअरिंग नसतं. ऑइल पंपही नाही. रॉडच्या खालच्या टोकाला एक चमचा असतो, तो दर फेरीत तेलात बुडतो आणि तेल उडवतो, एवढीच वंगणाची सोय. तेल थोडं कमी असेल आणि ट्रॅक्टर उतारावर बराच वेळ तिरका चालला, तर तो चमचा कोरडाच फिरतो. रॉड पिनला चिकटतो, तुटतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. म्हणून अशा इंजिनात तेलाची पातळी प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर बघायची, आणि २५ तासांनी तेल बदलायचं. हे न करणाऱ्याने जुना ट्रॅक्टर घेऊ नये, एवढं स्पष्ट सांगायला हरकत नाही.

के-२४१ ते के-३४१ मधल्या बऱ्याच इंजिनांत थरथर कमी करायला आत दोन बॅलन्स गियर दिलेले असतात. त्यांची सुई-बेअरिंगं झिजली की गियर फुटतो आणि तुकडे ब्लॉकचा घास घेतात. इंजिन उघडलंच असेल तर पुष्कळ कारागीर हे गियर काढूनच टाकतात. थरथर जराशी वाढते, ब्लॉक वाचतो. विकणाऱ्याला “इंजिन बांधलं तेव्हा बॅलन्स गियर ठेवले की काढले?” एवढं विचारा. उत्तरावरून इंजिन खरंच बांधलंय की नुसतं रंगवलंय तेही कळून जातं.

आता इग्निशन. जुन्या मशीनच्या बारीकसारीक कुरबुरींपैकी मोठा वाटा इथला. के मालिकेत पॉइंट (उघड-मीट करून स्पार्क पाडणारे संपर्क) ब्लॉकच्या बाहेर एका छोट्या झाकणाखाली असतात, फ्लायव्हील काढावं लागत नाही. झाकण काढा, इंजिन हाताने फिरवून पॉइंट पूर्ण उघडतील तिथे थांबा. गॅप २० थाऊ, म्हणजे ०.५ मि.मी. पाहिजे. पॉइंटचा स्क्रू ढिला करून फिलर गेज अलगद सरकेल इतकंच अंतर ठेवा, स्क्रू कसा, आणि कसल्यावर पुन्हा मोजा, कारण कसताना गॅप हमखास हलतो. पॉइंटवर निळसर-काळा डाग असेल तर गुळगुळीत पॉलिश पेपर न वापरता पॉइंटची बारीक कानस एकदाच फिरवा आणि कोरा जाड कागद मध्ये धरून ओढा, नाहीतर भुकटी आत राहते. खड्डा पडला असेल तर पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला. गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. गॅप मोठा झाला तर स्पार्क आधी पडतो आणि सेल्फ मारताना इंजिन उलट झटका देतं. हे वीस मिनिटांचं काम आहे. ते न आल्याने कित्येक चांगली इंजिनं “बंद पडलंय” म्हणून विकली जातात.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली फट, याच मालिकेत थंड इंजिनावर मोजायचे: के-२४१ पासून वर इनटेक ८ ते १० थाऊ, एक्झॉस्ट १७ ते २० थाऊ. कॉम्प्रेशन गेज लावून मात्र या इंजिनांचा निकाल लावू नका. कॅमशाफ्टवर सेल्फला मदत करणारी ऑटोमॅटिक रिलीज असते, ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते, त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो. लीक-डाउन टेस्ट करा: पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वरच्या टोकाला आणून क्रँक पक्का धरायचा, प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा सोडणाऱ्या तोंडातून) आली तर रिंग. हीच टेस्ट नव्या इंजिनावरही करा, दोन्हींना एकच माप लागतं.

गियरबॉक्सकडे वळू. जुन्या मशीनमधला गियरचा डबा सहसा दगा देत नाही, तेलात पाणी गेलं नसेल तर. प्लग ढिला करून थोडं तेल कपात घ्या. दुधाळ निघालं तर आत बेअरिंग गंजलेली असू शकतात. वरच्या गियर लिव्हरचं रबर फाटलं की पावसाचं पाणी तिथूनच उतरतं. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या जुन्या कब कॅडेटमध्ये इंजिनपासून मागच्या डब्यापर्यंत पट्टा नसून शाफ्ट आहे. पट्टा घसरायचा प्रश्नच मिटला, पण कपलिंगमधली पिन सैल होऊन भोक लांबट होतं. क्लच दाबून शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवा, खटखट जाणवली तर तिथे काम आहे.

त्याच घराण्यातल्या हायड्रोस्टॅटिक (गियर बदलण्याऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) मॉडेलमध्ये लिव्हर न्यूट्रलला असूनही ट्रॅक्टर हळूच सरकतो, ही तक्रार सारखी ऐकू येते. पंप गेला असं समजून लोक घाबरतात. बहुतेक वेळा पंपाच्या बाजूच्या लिव्हरची खाच झिजलेली असते. वेल्डिंगने भरून कानशीने मापात आणली की सरकणं थांबतं. जुन्या हायड्रोस्टॅटिकला बाहेर फिल्टर असतो, तेल खालून सोडता येतं, डबा उघडता येतो. नव्याच्या मागच्या डब्याचा मुद्दा यावरच बेतलेला आहे.

स्टार्टर-जनरेटर, म्हणजे सेल्फ आणि डायनॅमो एकाच डब्यात, हेही जुन्याचं वैशिष्ट्य. तो पट्ट्यावर चालतो. पट्टा ढिला असेल तर सेल्फ मारताना किंचाळतो आणि नंतर चार्जिंगही कमी होतं. बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन वेगात असताना १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. चार्जिंग नसेल तर आधी पट्टा, मग ब्रश, मग रेग्युलेटर, याच क्रमाने जा.

जाता जाता जोडीच्या सिलेंडरवाल्यांबद्दल. १९८३ ते १९९२ दरम्यान बनलेल्या जॉन डिअर ३१८ मध्ये ओनानची इंजिनं होती. चालायला रेशमासारखी, पण हवेने थंड होणारी, आणि सिलेंडर थंड ठेवणाऱ्या त्यांच्या फिनमध्ये (धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये) गवताचा भुसा साचतो, तोही वरच्या पत्र्याआड, न दिसेल असा. दरवर्षी पत्रा काढून साफ केला नाही तर व्हॉल्व्हची सीट ब्लॉकमधून सुटते. घेताना हा पत्रा काढायची परवानगी मागाच.

नव्याची तपासणी

नव्या इंजिनाचं श्रेय आधी द्यायला हवं. पॉइंट गेले, त्यांची जागा सीलबंद कॉइलने घेतली. ती चालते तोपर्यंत तिच्याकडे बघावं लागत नाही. व्हॉल्व्ह हेडमध्ये वर गेले, इंधन कमी लागतं, आणि बऱ्याच इंजिनांत ऑइल पंप व फिल्टर आला. रोजच्या सुरू-बंदमध्ये नवं मशीन जुन्यापेक्षा कमी त्रास देतं, यात वाद नाही.

त्याचे आजार मात्र वेगळ्या जागी आहेत आणि फसवे आहेत. सगळ्यात नेहमीचा: सेल्फ मारला की इंजिन अर्धा फेरा घेतं आणि अडकतं. माणूस बॅटरी बदलतो, मग सेल्फ बदलतो, मग सोलेनॉइड. दोष असतो टॅपेटमध्ये. क्लिअरन्स वाढला की कॉम्प्रेशन रिलीजचा छोटासा उचल व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही, आणि सेल्फला पूर्ण दाबाविरुद्ध इंजिन फिरवावं लागतं. इलाज असा. इंजिन थंड असू द्या. प्लग काढा, व्हॉल्व्हचं झाकण उघडा. कॉम्प्रेशन स्ट्रोकवर पिस्टन वरच्या टोकाला आणा, तिथून तो पाव इंच (६ मि.मी.) खाली जाईल इतका पुढे फिरवा, प्लगच्या भोकात पेन्सिल धरून हे मोजता येतं. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या एका सिलेंडरच्या इंटेक इंजिनात इनटेक ३ ते ५ थाऊ आणि एक्झॉस्ट ५ ते ७ थाऊ ठेवतात. तुमच्या इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तिकेतूनच घ्या. सेट केल्यावर क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा मोजा. पुश रॉड काढून काचेवर लोळवून बघा, वाकलेला असेल तर डुगडुगतो.

तेल अचानक जास्त खायला लागलं, धूर निघतो, पण पिस्टन-रिंग ठीक आहेत? हेड गास्केट बघा. अशा इंजिनांत सिलेंडर आणि पुश रॉडच्या बोगद्यामधली गास्केटची पट्टी अरुंद असते. ती जळली की दाब क्रँककेसमध्ये शिरतो आणि तेल ब्रीदरमधून वर ढकलतो. पूर्ण इंजिन बदलायला निघालेल्यांची गोष्ट कधी कधी एका गास्केटवर मिटते.

कार्बोरेटरच्या तळाशी वायर जोडलेला छोटा सोलेनॉइड (विजेवर इंधनाची वाट उघडणारी झडप) असतो. चावी ‘चालू’ला आणली की ‘टक्’ आवाज यायला हवा. नाही आला तर इंधन जेटपर्यंत जातच नाही, आणि कार्बोरेटर कितीही धुतला तरी इंजिन सुरू होणार नाही. त्यात भर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची: ते ओलावा धरतं. महिनाभराहून जास्त उभं राहणार असेल तर टाकी आणि बाउल रिकामे करा. जुन्या कार्बोरेटरला मेन आणि आयडल असे दोन स्क्रू असतात, मिश्रण हाताने सुधारता येतं. नव्यात उत्सर्जनाच्या नियमांमुळे ते बंद असतं. जेट थोडा चोंदला तरी सगळा कार्बोरेटर उघडावा लागतो.

नव्याचा खरा निकाल मागच्या डब्यात लागतो. टफ टॉर्क के-४६ हा हायड्रोस्टॅटिक ट्रान्सॲक्सल (ट्रान्समिशन आणि मागचा एक्सल एकाच डब्यात) अनेक कंपन्यांच्या लॉन ट्रॅक्टरमध्ये बसवलेला असतो. त्याला तेल सोडायचा प्लग नाही. फिल्टर आत आहे. तेल बदलायचं तर डबा गाडीतून उतरवून उलटा करावा लागतो, आणि म्हणून ते कोणी बदलत नाही. सपाट लॉनवर, कापणीपुरता तो पुरून उरतो. चढावर रोज वजन ओढलं की तेल तापतं, पातळ होतं, आतून गळती वाढते, आणि एक दिवस गार असताना झकास चालणारा ट्रॅक्टर अर्ध्या तासाने चढावर थांबतो. याच घराण्यातले के-६६, के-७२ असे दणकट डबे जड मशीनमध्ये येतात, त्यांची गोष्ट वेगळी. घेण्याआधी डब्यावरचा नंबर वाचा. विकणाऱ्याने मशीन गार असताना फिरवून दाखवलं तर ते दाखवणं धरूच नका: वीस-तीस मिनिटं गवत कापून तेल तापवा, मग चढावर पूर्ण पेडल दाबा. वेग पडला, कण्हण्यासारखा आवाज आला, तर डबा संपत आलाय. पेडल दाबूनही काहीच होत नसेल तर मागचा बायपास लिव्हर (बंद मशीन ढकलता यावं म्हणून डबा मोकळा करणारा) ओढलेला राहिलाय का ते आधी बघा.

तेल बदललंच तर हवा काढायला विसरू नका. मागची चाकं उचलून स्टँडवर ठेवा, बायपास उघडा, इंजिन मंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा पुढे-मागे दाबा. मग बायपास बंद करून तेच पुन्हा करा, तेल भरा. डब्यावरच्या प्लास्टिकच्या पंख्याची पाती तुटलेली नाहीत ना, हेही बघून घ्या. तो पंखाच डबा थंड ठेवतो.

डेक, म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं आवरण, नव्या-जुन्या दोघांचा सारखाच कुजतो, कारण ओलं गवत वर-खाली साचून राहतं. फरक स्पिंडलमध्ये, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्यात. जुन्यात ओतीव लोखंडाची घरं आणि ग्रीस निपल. नव्यात बरेचदा ॲल्युमिनियमची घरं आणि सीलबंद बेअरिंग. प्लगची वायर काढून ठेवा, पातं टोकाला धरून वर-खाली हलवा. हालचाल जाणवली तर बेअरिंग गेलंय. ॲल्युमिनियमचं घर बुंध्यापाशी तडकलंय का तेही बघा. दगडाला पातं आदळलं की तडा तिथेच जातो.

राहिले सेफ्टी स्विच. सीट, ब्रेक, पाती, रिव्हर्स. मशीन उभ्या उभ्या बंद पडतं तेव्हा निम्म्या वेळी यातलाच एखादा स्विच किंवा त्याचा गंजलेला सॉकेट असतो. शोधण्यापुरती वायर जोडून बघा, सापडला की स्विच बदला. कायमची वायर जोडून ठेवणं म्हणजे चालकाने उडी मारली तरी पाती फिरत ठेवणं. जुन्या मशीनमध्ये हे स्विच कमीच, त्यामुळे “बंद पडत नाही” हा गुण मोजताना त्यातला किती भाग नसलेल्या स्विचचा आहे हे मनात धरा.

हिशेब कसा मांडायचा

‘किती वेळा बिघडतो’ एवढंच मोजलं तर नवा जिंकतो. ‘किती दिवस उभा राहतो’ मोजलं की चित्र बदलतं. वहीत चार रकाने आखा: तारीख आणि तास, काय गेलं, काम किती वेळात झालं, सुटा भाग यायला किती दिवस लागले. उदाहरणादाखल, हंगामात ५० तास चालणारा जुना ट्रॅक्टर दर १० तासांनी अर्धा तास रुसतो असं धरू: पॉइंट, पट्टा, इंधनाचा फिल्टर. पाच थांबे, एकूण अडीच तास, सगळे भाग घरात. नवा चार हंगाम एकदाही थांबत नाही आणि मग ट्रान्सॲक्सलसाठी तीन आठवडे उभा. ज्याला दर शनिवारी गवत कापायचंच आहे आणि हातात पाना धरायचा नाही, त्याच्यासाठी नवा बरा. ज्याच्याकडे जागा, हत्यारं आणि दर थांब्याला अर्धा तास आहे, किंवा ज्याला माती ओढायची आहे, त्याने जुना दणकट घ्यावा.

तिसरा मार्गही आहे आणि आमचं मत त्याच्याच बाजूने झुकतं: १९९० च्या दशकातला किंवा २००० नंतरचा खरा गार्डन ट्रॅक्टर, ऑइल पंपवालं इंजिन, बाहेर फिल्टर असलेला हायड्रोस्टॅटिक डबा. पॉइंटची कटकट नाही, आणि तेल बदलता येतं.

निर्णय करण्याआधी एक काम घरी बसून करा. इंजिनाच्या पट्टीवरचे मॉडेल, स्पेक आणि सिरियल हे तिन्ही नंबर, आणि ट्रान्सॲक्सलवरचा नंबर, फोटो काढून ठेवा. कोहलरमध्ये नुसत्या मॉडेलवर भाग मागवला तर हमखास चुकतो, स्पेक नंबर लागतोच. मग या पाच गोष्टी मिळतात का ते शोधा: हेड गास्केट, कार्बोरेटरचा किट, कापणीचा पट्टा, स्पिंडल, आणि ट्रान्समिशनचं सील. जुन्यासाठी इंजिनाचे भाग सहसा सापडतात. गियर आणि पत्र्याचे भाग फक्त दुसऱ्या भंगार मशीनमधून निघतात, तेव्हा त्याच मॉडेलचं एखादं बंद मशीन कुठे पडलंय का तेही विचारून ठेवा. नव्यासाठी ट्रान्सॲक्सल अख्खाच मिळतो की त्याचे आतले भागही, एवढं विक्रेत्याकडून लेखी घ्या.